टेबलाखालचा बॉम्ब आणि पानशेतची रात्र

११ जुलै १९६१ च्या रात्री पानशेतच्या मातीच्या धरणावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. धरण अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं. पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचत चालला होता आणि मागे तलावाचं पाणी चढत होतं. त्याच रात्री खाली पुण्यात शनिवार-नारायण पेठेतली माणसं पावसाळ्यातल्या इतर कुठल्याही रात्रीसारखी झोपली होती. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं. ते पाणी खडकवासल्याच्या तलावात उतरलं, ऐंशी वर्षं उभी असलेली तिथली दगडी भिंतही त्याच दिवशी गेली, आणि मुठेनं नदीकाठच्या पेठांमधली घरंच्या घरं ओढून नेली.

घटना एकच. पण धरणावरच्या जवानांनी ती रात्रभर भोगली आणि पेठांमधल्या बऱ्याच जणांवर ती अचानक कोसळली. थरारपटाचा सगळा कारभार या दोन अनुभवांमधल्या फरकावर चालतो. पुणेकराच्या वाट्याला आला तो धक्का. जवानाच्या वाट्याला आला तो ताण. सिनेमाला दोन्ही हवे असतात, पण धंद्यातल्या जाणत्यांना विचाराल तर त्यांची पसंती ताणाला.

याची सगळ्यात गाजलेली फोड आल्फ्रेड हिचकॉकनं केली. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोनं त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, त्यात ती आहे. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत. अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण तेवढंच. पंधरा सेकंदांचा मामला. आता तेच दृश्य दुसऱ्या पद्धतीनं घ्या. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधीच दाखवा. तो एक वाजता फुटणार हे सांगा. भिंतीवर घड्याळ लावा, त्यात पाऊण वाजलेला दाखवा. माणसं तीच, गप्पा त्याच, पण आता प्रेक्षकाला गप्प बसवत नाही. अरे, फालतू काय बोलताय, टेबलाखाली बघा, असं ओरडावंसं वाटतं. पंधरा सेकंदांच्या जागी पंधरा मिनिटं मिळाली, आणि खर्च एका घड्याळाचा.

मुद्दा साधा आहे, तरी आपल्याकडे तो उशिरा रुजला असं माझं मत आहे. याचं एक कारण आपल्या वाचनात आहे. मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्या फिरत्या वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि धनंजय, पुढे सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि दारा बुलंद आणून वाचत मोठ्या झाल्या. त्यात मजा होती, वेग होता. पण त्यातून आपल्या मनात एक समीकरण बसलं, की रहस्य म्हणजे लेखकानं शेवटच्या पानापर्यंत काहीतरी लपवणं. खुनी कोण? माळी, वकील की धाकटा भाऊ? हा रहस्यकथेचा प्रश्न आहे आणि त्यात प्रेक्षकाला पात्रांपेक्षा कमी माहीत असतं. थरारपटात बरेचदा उलटं असतं. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत असतं आणि काही करता येत नाही. थरारपट लपवण्याच्या नव्हे, सांगण्याच्या जोरावर चालतो. केव्हा सांगायचं, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, एवढाच त्याचा हिशोब.

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) हा हिशोब उघडा दिसतो. एक बाई मेली असं नायकाला आणि आपल्याला वाटत असतं. मग तशीच दिसणारी दुसरी बाई भेटते. कुठल्याही रहस्यकथाकारानं या दोघींचं गूढ अखेरपर्यंत राखलं असतं. हिचकॉकनं ते चित्रपट बराच उरलेला असतानाच प्रेक्षकासमोर फोडलं. नायकाला मात्र सांगितलं नाही. त्यामुळे पुढचा सगळा भाग 'ही कोण' यावर चालत नाही, 'त्याला कळेल तेव्हा काय होईल' यावर चालतो.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यातलंच आहे. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांडानं पुणं हादरलं होतं. रात्री दारं लावून घेणं, बेल वाजली की आधी खिडकीतून पाहणं, ही तेव्हाच्या पुणेकरांची आठवण आहे. त्या प्रकरणावर बेतलेला 'माफीचा साक्षीदार' १९८६ मध्ये आला, त्यात नाना पाटेकर होते. या चित्रपटाचं नाव पाहा. तिकीट काढण्याआधीच ते तुम्हाला सांगून टाकतं की खुन्यांची टोळी पकडली जाणार आहे आणि त्यातला एक जण फुटणार आहे. तसंही पुण्यातल्या प्रेक्षकाला सगळं वर्तमानपत्रातून ठाऊक होतं. मग राहिलं काय? राहिलं ते दार. पडद्यावर कुणी घराचं दार उघडायला निघालं की प्रेक्षकाला बाहेर कोण उभं आहे हे माहीत असतं, उघडणाऱ्याला नसतं. माहीत असलेल्या गोष्टीवर थरारपट उभा राहू शकतो, नव्हे, जास्त बळकट उभा राहतो, याचा हा मराठी पुरावा.

तेव्हा एक खटाटोप करून पाहू. समजा पानशेतच्या पुरावर थरारपट काढायचा आहे आणि त्याचं केंद्र खडकवासला ठेवायचं आहे. शेवट सगळ्यांना ठाऊक. धरण फुटणार. लपवण्यासारखं काही नाही. अशा गोष्टीत तंत्र कुठून सुरू होतं?

नकाशापासून. पाठलागाची दृश्यं फसतात तेव्हा बहुतेक वेळा दोष वेगाचा नसतो, प्रेक्षकाला कोण कुठे आहे हे कळत नाही हा असतो. भीती वाटायला अंतर माहीत असावं लागतं. म्हणून चांगला दिग्दर्शक पहिल्या वीस मिनिटांत, काहीच घडत नसताना, जागा दाखवून ठेवतो. घर असेल तर जिना कुठे, मागचं दार कुठे, कुलूप कुठलं बिघडलेलं. आपल्या गोष्टीत हे काम नदीला करावं लागेल. आंबी नदीवर पानशेत. तिथून सुटलेलं पाणी खडकवासल्याच्या तलावात येणार, दुसरीकडे जायला त्याला वाटच नाही. खडकवासल्याच्या भिंतीखाली मुठा. मग हिंगणे, विठ्ठलवाडी, मग लकडी पूल, ओंकारेश्वर, शनिवारवाड्याच्या मागचा नवा पूल आणि संगम. ही साखळी प्रेक्षकाच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे, पण भूगोलाचा तास न घेता. एखादं पात्र सकाळी एस.टी.नं पानशेतच्या कामावर निघतं. खिडकीतून नदी दिसते, मग खडकवासल्याची भिंत, मग तलाव, मग डोंगर. बस. पुढे पाणी निघालं की प्रेक्षक स्वतःच उलट प्रवास करील. आता इथे आलं असेल, आता तिथे.

आज खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी भजी आणि भाजलेली कणसं खायला गर्दी होते, सिंहगड रस्ता तुंबतो, आणि माणसं पाण्याकडे पाहतात, भिंतीकडे फारसं कुणी पाहत नाही. दिग्दर्शकाला हे न पाहणं उपयोगी आहे. नेहमीच्या गोष्टीकडे कुणी पाहत नसतं. कॅमेऱ्यानं तिच्याकडे नुसतं दोन सेकंद जास्त पाहिलं तरी प्रेक्षक सावध होतो. मागे कुठलंही संगीत न लावता.

जागा दाखवून ठेवण्याचं आणि मग ती वसूल करण्याचं अलीकडचं सर्वात चोख काम म्हणजे श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८). तोही पुण्यात घडतो आणि पुण्यातच चित्रित झाला. राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. मूळ कल्पना 'ल'आकोर्दर' या फ्रेंच लघुपटाची, पण मांडणी सर्वस्वी त्यांची. आकाश आंधळा असल्याचं सोंग करणारा पियानोवादक आहे, आणि हे सोंग आहे हे आपल्याला लवकर कळतं. तो एका फ्लॅटवर पियानो वाजवायला जातो. दार उघडणारी सिमी त्याला परत पाठवायच्या बेतात असते, पण समोरची शेजारीण पाहत असते, म्हणून त्याला आत घ्यावं लागतं. तो पियानोपाशी बसतो. वाजवता वाजवता त्याला जमिनीवर पडलेलं प्रेत दिसतं. बाथरूमला जातो, तर तिथे पिस्तूलधारी माणूस उभा. परत येतो आणि पुन्हा वाजवू लागतो. त्याच्या समोर ती दोघं प्रेताची विल्हेवाट लावताहेत, जमीन पुसताहेत, खुणांनी बोलताहेत, आणि त्यानं चेहऱ्यावरची रेषही हलवायची नाही.

हे दृश्य पुन्हा पाहाल तेव्हा माहितीची वाटणी मोजा. आकाशला सगळं दिसतंय. सिमीला वाटतंय त्याला काही दिसत नाही. आपल्याला दोन्ही माहीत आहे. शेजारणीला काहीच माहीत नाही, पण तिच्या असण्यामुळेच हा घोळ झाला. एका खोलीत माहितीचे इतके थर, आणि संवाद जवळजवळ नाहीत. त्यातून ऐकू येणारं संगीत बाहेरून लावलेलं नाही, नायक स्वतः वाजवतोय. तो थांबला तर संशय येणार. चुकला तरी संशय येणार. म्हणजे पार्श्वसंगीतच त्याच्या गळ्यातला फास झालं. दृश्य भयाण आहे आणि विनोदीही, आणि हसू आल्याबद्दल आपण थोडे ओशाळतो. या चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि रूपांतरित पटकथा हे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पटकथेचा पुरस्कार केवळ या एका खोलीसाठी मिळाला असता तरी मी तक्रार केली नसती.

नकाशा झाला. आता घड्याळ.

एकाच वेळी दोन ठिकाणी घडणाऱ्या गोष्टी आलटून पालटून दाखवायच्या, ही युक्ती सिनेमाच्या बाल्यावस्थेतली. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या 'द लोन्ली व्हिला' (१९०९) मध्ये घरात शिरू पाहणारे चोर, आत अडकलेलं कुटुंब आणि मदतीला धावत निघालेला बाप असे तीन धागे फिरत राहतात. तिथे टेलिफोनही आहे. मला वाटतं थरारपटाला टेलिफोनइतकं उपयोगी यंत्र दुसरं मिळालं नाही. माहिती आहे, ती पोचवायची आहे, आणि तार मध्येच तुटते.

अशा समांतर संकलनात एक गंमत घडते, ती प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. वेळ ताणली जाते. पडद्यावर 'दहा मिनिटं उरली' असं सांगितल्यावर संकलक ती दहा मिनिटं चौदा मिनिटांत दाखवू शकतो. प्रत्येक वेळी दुसऱ्या ठिकाणाहून परत येताना तो दोन-चार सेकंद मागे सरकतो आणि आपण भांडत नाही. उलट सुरुवातीला लांब शॉट, मग आखूड, मग आणखी आखूड, अशी लय बांधली की प्रत्यक्ष काही न घडताही छाती धडधडते. पानशेतच्या रात्रीचं संकलन असं करता येईल: पोतं उचलणारे हात, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, पेठेतल्या घरात कंदिलाची वात बारीक करणारी आजी, पुन्हा पट्टी. इथे मोह होतो पट्टी प्रत्येक वेळी वाढलेली दाखवायचा. तसं करू नये. एकदा ती जैसे थे दाखवावी. प्रेक्षकाला वाटू द्यावं की पोत्यांनी काम केलं. आशा दिल्याशिवाय भीती टिकत नाही.

आणि ही आशा खोटी ठरवायचीही गरज नाही, हेच त्या रात्रीचं विलक्षण आहे. हजाराच्या वर पोत्यांचा तो भराव कोसळणं थांबवू शकला नाही, पण लांबवू शकला. काही तास मिळाले आणि लोंढा शहरात आला तो दिवसाउजेडी. रात्रीच्या काळोखात, लोक झोपेत असताना तो आला असता तर काय झालं असतं, याची कल्पना न केलेली बरी. पटकथेच्या भाषेत सांगायचं तर जवानांनी बॉम्ब निकामी केला नाही, घड्याळाचे काटे मागे ढकलले. आपल्या ठरीव थरारपटांत शेवटच्या सेकंदाला लाल तार कापली जाते आणि सगळे वाचतात. इथे धरण गेलं, पण मिळालेल्या तासांमुळे माणसं वाचली. हा शेवट अधिक खरा आहे आणि दाखवायला अधिक अवघड.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. थरारपटाच्या चौकटीत जे दिसतं त्यापेक्षा जे चौकटीबाहेर राहतं त्याला किंमत जास्त. लांब पल्ल्याची लेन्स लावली तर मागची गर्दी पुढच्या माणसाला चिकटल्यासारखी दिसते, पाठलाग करणारा आहे त्याहून जवळ वाटतो. रुंद लेन्स जवळून लावली तर चेहरा किंचित बेढब होतो, खोली लांबट होते. 'व्हर्टिगो'त कॅमेरा मागे नेता नेता झूम पुढे घेतला आणि जिन्याची खोली पोटात गोळा आणते तशी पडद्यावर आली. पण या सगळ्याहून जुनी आणि स्वस्त युक्ती म्हणजे पूर्ण न दाखवणं. धरणाची आख्खी भिंत पडद्यावर आली की ती देखावा होते. भिंतीवरचा ओला डाग, त्याच्या कडेनं निसटणारी माती, एवढंच दाखवलं तर उरलेली भिंत प्रेक्षक मनानं बांधतो आणि मनानंच पाडतो.

खोटा धक्का हीदेखील जुनी चाल. व्हॅल ल्यूटननं निर्मिती केलेल्या 'कॅट पीपल'मध्ये (१९४२) एक बाई निर्जन रस्त्यानं चाललेली असते, मागे कुणीतरी आहे असं वाटत राहतं, आणि अचानक फुसकन आवाज होतो. तो बसच्या ब्रेकचा निघतो. आता मांजर उडी मारते, मैत्रीण मागून खांद्यावर हात ठेवते, कपाटातून भांडं पडतं. या युक्तीचा आपल्याकडच्या मालिकांनी इतका चोथा केला आहे की निदान काही वर्षं तरी तिला विश्रांती द्यावी.

आवाजाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. 'सायको'तलं (१९६०) न्हाणीघरातलं दृश्य पडद्यावर मिनिटभराचंही नाही, पण त्याच्या चित्रीकरणाला आठवडा गेला. त्या दृश्याला संगीत नकोच असं हिचकॉकचं आधी म्हणणं होतं. बर्नार्ड हरमननं व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या ऐकवल्या आणि हिचकॉकनं मत बदललं. म्हणजे या बाबतीत गुरूचाही नेम चुकू शकतो. आपल्या मराठीत राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मध्ये (१९६४) भावगीताच्या चालीचं एक गाणंच भुतासारखं नायकामागे लावून दिलं आहे. मेलेल्या पत्नीसारखीच दिसणारी बाई समोर येते, काशिनाथ घाणेकरांचा वकील नायक हादरतो, आणि कोर्टात उलगडा होत जातो. हिंदीत त्याचा 'मेरा साया' (१९६६) झाला, तेव्हा ही गाण्याची क्लृप्तीही सोबत गेली. गाण्यांनी थरारपटाची लय मोडते अशी तक्रार समीक्षक नेहमी करतात. गाणं गोष्टीच्या कामाला जुंपलं तर मोडत नाही.

पानशेतच्या गोष्टीत संगीत कमीत कमी असावं. पाऊस आहे, तोच पुरे. पावसाचा आवाज तासभर ऐकला की कान तो ऐकायचं सोडून देतात. मग एका क्षणी तो थांबवायचा. पाऊस थांबला म्हणून पडद्यावरचा माणूस सुस्कारा सोडेल, आणि नकाशा पाठ झालेला प्रेक्षक मात्र खुर्चीत पुढे सरकेल.

आता धरण फुटणं. निर्मात्याचा पहिला प्रश्न हाच असतो, तेव्हा त्याचं शास्त्र सांगतो, आणि ते शास्त्र थेट खडकवासल्याला येऊन मिळतं. आज अशी दृश्यं संगणकावर होतात. त्याआधी ती लहान प्रतिकृती बांधून चित्रित करत आणि अजूनही काही दिग्दर्शक तेच पसंत करतात. अडचण पाण्याची असते. घर, पूल, झाड लहान करता येतं, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. पंचवीस मीटर उंचीवरून दगड सोडला तर खाली यायला सव्वादोन सेकंद लागतात. पंचविसाव्या हिश्शाच्या प्रतिकृतीत तो एक मीटरवरून पडतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो. पाचपट लवकर. म्हणून छोटं धरण नुसतं चित्रित केलं तर खेळणं फुटल्यासारखं दिसतं. उपाय असा, की कॅमेरा पाचपट वेगानं चालवायचा. सेकंदाला चोवीसऐवजी एकशेवीस चौकटी घ्यायच्या आणि पडद्यावर चोवीसनं दाखवायच्या. पाणी जड होतं, लाट सावकाश उलटते, धरण खरं वाटतं. नियम वर्गमुळाचा: प्रतिकृती जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतक्या पट कॅमेऱ्याचा वेग.

हाच वर्गमुळाचा नियम खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात रोजच्या वापरात आहे. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था धरणं, सांडवे, बंदरं यांच्या प्रतिकृती बांधून त्यात पाणी खेळवते आणि खऱ्या धरणावर काय होईल ते मोजते. प्रतिकृतीतला एक तास म्हणजे खऱ्या नदीतले किती तास, हे त्यांना याच हिशोबानं काढावं लागतं. इंजिनिअर आणि छायाचित्रणकार दोघांचीही पंचाईत एकाच जागी होते. पाण्याचा थेंब लहान होत नाही. प्रतिकृती फार छोटी केली की तुषार, फेस, पाण्यात मिसळणारी हवा यांचं वागणं खोटं पडतं. इंजिनिअरची मोजणी चुकते आणि सिनेमात पडद्यावर नारळाएवढे थेंब उडतात. म्हणून दोघांनाही प्रतिकृती परवडेल तेवढी मोठी हवी असते. जुन्या चित्रपटातलं धरण फुटताना पाहाल तेव्हा लाटेकडे नका पाहू, थेंबांकडे पाहा. किती खर्च केला होता ते कळेल.

या दृश्यावर निर्माते नको तितका जीव टाकतात. डोंगराएवढी लाट, तिच्यापुढे धावणारी माणसं. शहरातला पूर बहुतेक ठिकाणी तसा येत नाही. तो चढतो. गटारातून वर येतो, ओट्याला लागतो, पहिली पायरी, दुसरी पायरी. घरातला माणूस 'एवढंच येईल' म्हणून धान्याचा डबा एक फळी वर ठेवतो. पाणी त्या फळीपर्यंत येतं. ही फळी म्हणजे पुन्हा तेच भिंतीवरचं घड्याळ.

थरारपटाला खलनायक लागतो, आणि आपली गाडी इथे अडते. पानशेतला सुरा घेऊन फिरणारा कुणी नव्हता. घाईनं अडवलेलं पाणी होतं. अपुरी मोरी होती, तिच्या बांधकामात लोखंडी सळ्यांचा आधार नसलेलं साधं काँक्रीट होतं. निर्णय होते, सह्या होत्या. पुढे चौकशी आयोग बसला. आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक. अशा गोष्टींसाठी थरारपटाची एक वेगळी शाखा आहे, जिच्यात गुन्हेगार म्हणजे एक माणूस नसतो, यंत्रणा असते. कोस्ता-गाव्रासचा 'झी' (१९६९) त्यातला मानदंड. तो ज्या कादंबरीवर बेतला आहे, तिच्यावरूनच दिबाकर बॅनर्जींनी 'शांघाय' (२०१२) केला. या शाखेत बंदुकीची जागा फाइल घेते आणि पाठलागाची जागा साक्ष. 'पाठलाग'सारखी कोर्टाची चौकट घेऊन, आयोगासमोरच्या एकेका साक्षीतून रात्र उलगडत नेता येईल. दोन साक्षीदार एकाच तासाबद्दल वेगवेगळं सांगतील आणि कॅमेरा दोन्ही दाखवील.

पुण्याच्या वाट्याला थरारपटाचे दिग्दर्शक कमी आलेले नाहीत. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथून विधू विनोद चोप्रा 'मर्डर ॲट मंकी हिल' हा विद्यार्थिदशेतला थरारपट करून बाहेर पडले आणि पुढे 'परिंदा' (१९८९) केला. तो पाहताना दिग्दर्शकाइतकंच संकलक रेणू सलुजा यांना श्रेय द्यावं. त्याही इथल्याच. निखिल महाजन यांच्या 'पुणे ५२'नं (२०१३) नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं पुणं घेतलं. गिरीश कुलकर्णींचा खासगी गुप्तहेर अमर आपटे दुसऱ्यांच्या बायका-नवऱ्यांवर पाळत ठेवतो आणि स्वतःचं घर घसरू देतो. नावातले ५२ म्हणजे कर्वेनगरचा पिन कोड. चित्रपट मध्येच रेंगाळतो, पण काळोख्या अमेरिकन गुन्हेपटांची रीत इस्त्रीच्या शर्टातल्या मध्यमवर्गीय पुणेकराला चढवून पाहण्याची हिंमत त्यात आहे. आणि कर्वेनगर मुठेच्या काठालाच आहे, खडकवासल्याच्या खाली.

खऱ्या माणसांच्या मरणावर करमणूक उभी करावी का, हा प्रश्न यात येतोच. माझं उत्तर असं, की धक्क्यावर उभी केलीत तर करू नका. लाटेत वाहून जाणारी माणसं मोठ्या पडद्यावर दाखवून प्रेक्षकाला दचकवणं हे हलकं काम आहे. ताणावर उभी केलीत तर प्रेक्षक त्या माणसांच्या बाजूनं विचार करायला लागतो. कुणाला केव्हा कळलं, कुणी कुणाला सांगितलं, कुणी ऐकलं नाही. हे प्रश्न थरारपटाचे आहेत आणि आयोगाचेही होते.

म्हणून कुणी खरोखर हा चित्रपट काढणार असेल, तर एकच विनंती. धरण फुटण्याच्या दृश्यासाठी ठेवलेल्या पैशांतले निम्मे काढून घ्या आणि ते आदल्या रात्रीच्या वाळूच्या पोत्यांवर लावा.